भांगाचं पाणी

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मालवणच्या किनाऱ्यावर माझ्या मावशीच्या हातात एक चिठ्ठी पडली. तिच्यावर आकडा होता ४३. पाण्यात उतरायला आम्हाला दुपारचा दीड वाजला. तोवर दोनदा कोकम सरबत पिऊन झालं होतं आणि वाळूत बसून कंटाळाही आला होता. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला आमची होडी नांगरली, तेव्हा आजूबाजूला आणखी चौदा होड्या मी मोजल्या. मावशीच्या पाठीवर टाकी चढली, तोंडात रेग्युलेटर गेला, गाइडनं तिला खाली नेलं आणि जेमतेम दोन मीटरवर तिचा डावा कान ठणकायला लागला. तिनं खूण केली. तो पोरगा तिला वर घेऊन आला, नाक दाबून फुंकायला सांगितलं, एकदा, दोनदा. कान काही सुटेना. होडीत पुढची सात माणसं वेटसूट चढवून वाट बघत होती. मावशीला वर ओढून घेतलं, पैसे परत मिळाले नाहीत, आणि हे आपल्या वयाचं काम नाही असं तिनं ओल्या केसांनी तिथंच जाहीर केलं.

तिचं वय तेव्हा ५८. पुढं मुंबईत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं तर कान अगदी ठणठणीत निघाला. मग बिघडलं काय? या प्रश्नाच्या मागे मी दोन हंगाम लागले. मालवणला पुन्हा गेले, मुर्डेश्वरला गेले, अंदमानात आठवडा काढला, स्वतः चार दिवसांचा कोर्स केला, आणि ज्यांचं आयुष्य पाण्यात जातं त्यांना शक्य तितकं विचारत राहिले. स्वस्तात, गर्दी टाळून पहिल्यांदा स्कूबा करायचं तर कुठं जावं, असं मला आता मैत्रिणी विचारतात. मी त्यांना आधी तिथी विचारते. जागेचं नंतर बघू.

पण तिथीच्याही आधी कान. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. म्हणजे दुपटीची मोठी उडी पहिल्या दहा मीटरांतच पडते. ‘आम्ही काय, पाच-सहा मीटरच जाणार’ असं म्हणणाऱ्याला कानाचा त्रास कमी होईल, हा म्हणूनच गैरसमज आहे. खाली जाताना मध्यकर्णातली हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशाकडून कानात जाणारी बारीक नळी उघडते आणि दाब सारखा होतो. हे दर अर्ध्या-एक मीटरला करायचं असतं, तेही दुखायच्या आधी. एकदा दुखू लागलं की जोरानं फुंकून उपयोग नाही, नळी आणखी घट्ट मिटते. मग हातभर वर यायचं, थांबायचं, पुन्हा फुंकायचं. कुणाचा कान एका झटक्यात सुटतो, कुणाला दहा-बारा मिनिटं लागतात. मावशीला ती मिनिटं मिळालीच नाहीत.

ती का मिळाली नाहीत, याचा हिशेब मी मांडून पाहिला. आपण ज्याला सर्रास ऑक्सिजनची टाकी म्हणतो, तिच्यात दाबून भरलेली साधी हवाच असते. नेहमीची टाकी अकरा-बारा लिटरची आणि तिच्यात दोनशे बार दाबानं भरलेली हवा, म्हणजे मोकळी सोडली तर बावीसशे-चोवीसशे लिटर. शेवटचे पन्नास बार राखून ठेवायचे. नवखा माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, तर मिनिटाला पंचवीस लिटर धरू. सहा मीटरवर दाब १.६ पट, म्हणून चाळीस लिटर. भागाकार केला तर सुखानं चाळीस मिनिटं निघतात. मग आपल्याला पंधरा मिनिटांतच वर का आणतात? टाकीत हवा उरलेली असते. पण ४४ नंबरची चिठ्ठी घेतलेला माणूस वर बसलेला असतो.

म्हणून गर्दी नको म्हणणं हा निवांतपणाचा चोचला मानू नये. नवख्यासाठी गर्दी म्हणजे कान सुटायला न मिळालेला वेळ, मास्कमध्ये पाणी शिरलं तर ते काढायला न शिकवता खाली नेणं, आणि एका हातानं आपल्याला धरून दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढणारा, त्या दिवशी विसाव्यांदा पाण्यात उतरलेला दमलेला गाइड. त्या पोरांबद्दल मला राग नाही. त्यातली बरीच मच्छीमारांच्या घरची आहेत आणि पाण्यात ती आपल्यापेक्षा शंभरपट सुरक्षित असतात. त्यांनाही पंधरा मिनिटांचा धंदा आवडतो असं नाही.

*

आता तिथी. कोकणात भरती-ओहोटीचे दोन शब्द आहेत, उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, भरती बेताची आणि ओहोटीही बेताची. तो भांग. मालवणच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी दिवसातून दोनदा दोनेक मीटर वरखाली होते. एवढं पाणी सहा तासांत ये-जा करतं तेव्हा ते तळची माती आणि कर्ली नदीच्या मुखाकडचा गाळ हलवत जातं. भांगाच्या दिवसांत पाणी मंद चालतं, गाळ खाली बसतो, आणि कालपर्यंत दोन हातांवरचं दिसत नव्हतं तिथं पाच-सहा मीटरवरचा खडक दिसायला लागतो.

ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. होडीच्या नाळेवर बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारानं सांगितली. दिवाळीतली हकिगत ऐकून तो म्हणाला, “बाय, लक्ष्मीपूजन अवसेक आसता. भाऊबीजेक पाणी उधाणाचाच असतला. तेव्हा कित्याक इलास?” मी घरी येऊन कालनिर्णय उघडलं. लक्ष्मीपूजन आश्विन अमावस्येला, भाऊबीज द्वितीयेला, म्हणजे ऐन उधाण. साऱ्या महाराष्ट्राला सुट्टी असते तेव्हाच मालवणचं पाणी सगळ्यात जास्त हलत असतं. इतकी वर्षं भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असून ही दोन टोकं मी कधी जोडली नव्हती.

तेव्हा पंचांग उघडायचं आणि अष्टमीपासून एकादशीपर्यंतचे दिवस बघायचे. भरतीचा खेळ चंद्राच्या एक-दोन दिवस मागे चालतो, म्हणून नेमकी अष्टमी हुकली तरी चालतं. त्यातही सोमवार ते गुरुवार. दिवाळीतच जायचं असेल तर भाऊबीजेला न जाता कार्तिक शुद्ध अष्टमीच्या आसपास जावं. तोवर गर्दीची पहिली लाट ओसरलेली असते. नाताळ ते नववर्ष आणि मे महिना मी तर डोळे मिटून फुली मारते. माझ्या मते उत्तम काळ म्हणजे जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य. शाळांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात, कुटुंबं घरात असतात, सकाळचा वारा जमिनीकडून हलका वाहतो आणि दुपारपर्यंत समुद्र ताटासारखा सपाट असतो. एकच सावधगिरी हवी, आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची. तिची तारीख दरवर्षी देवीच्या कौलानं ठरते आणि ती बहुधा याच काळात येते. जत्रेच्या चार दिवसांत मालवणच काय, कणकवली-कुडाळपर्यंत खोली मिळत नाही, रेल्वेचं आरक्षण तर विसराच. तारीख जाहीर झाली की तिच्यापासून आठवडाभर लांब राहावं. जत्रेलाच जायचं असेल तर मात्र जत्रेलाच जा, ती स्वतंत्र गोष्ट आहे.

पावसाळ्याचा प्रश्न येत नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट मेरीटाइम बोर्ड जलक्रीडा बंद ठेवतं. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ वाहिला जातो, मासेमारी सुरू होते, पण नद्यांचं गढूळ पाणी निवळायला ऑक्टोबर संपतो. सप्टेंबरात कुणी स्कूबाला बोलावलं तर पाण्याखाली ताकाच्या रंगापलीकडे काही दिसणार नाही.

*

मालवणलाच मी इतका वेळ देते, कारण नवख्या मराठी माणसाला इतकी जवळची, इतकी उथळ आणि इतकी स्वस्त दुसरी जागा मला सापडलेली नाही. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर १६६४ नंतरच्या तीन वर्षांत उभा राहिला, त्याच्या आजूबाजूला खडकांची रांग पाण्याखाली पसरलेली आहे. होडीनं दहा-वीस मिनिटं, खोली पाच ते आठ मीटर. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्यात सर्वांत आधी विरतो, म्हणून खोल गेल्यावर सगळं निळं-करडं होतं. इथल्या खोलीवर माशांचे बरेचसे रंग शाबूत राहतात. जास्त खोल म्हणजे जास्त छान असं मानणाऱ्या नवख्यानं हे ध्यानात घ्यावं. खडकांवर प्रवाळ आहे, पोपट मासे आहेत, फुलपाखरू मासे, तांबोशी, कपारीत तोंड उघडून बसलेला मोरे ईल. अंदमानची श्रीमंती इथं शोधू नये, पण पहिल्या दिवशी माणसाचं निम्मं लक्ष स्वतःच्या श्वासाकडेच असतं. तेवढ्याला हा समुद्र पुरून उरतो.

या पाण्यामागे एक जुनं भांडणही आहे. १९८७ मध्ये सरकारनं इथं सागरी अभयारण्य जाहीर केलं, साधारण एकोणतीस चौरस किलोमीटरचं. रापण ओढणाऱ्या, होडीवर पोट असणाऱ्या लोकांना आपली मासेमारी बंद होईल अशी भीती वाटली आणि त्यांनी विरोध केला. ती भीती अवास्तव नव्हती. पुढं २०१०च्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं सिंधुदुर्गात एक मोठा प्रकल्प चालला. त्यात स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकारानं. तिथं शिकण्यासाठी आठ मीटर खोलीचा तलाव आहे, आणि ही चैन नाही. समुद्रात जायच्या आधी श्वासाचा, कानाचा, मास्कचा सराव निवळ, थांबलेल्या पाण्यात करायला मिळणं म्हणजे नवख्याचं अर्धं काम झालं. माझा सल्ला विचाराल तर तलावात किंवा निदान कमरेएवढ्या पाण्यात सराव करून न घेणाऱ्याकडे जाऊच नये, मग दर कितीही कमी असो.

दोन गोष्टी मात्र मला तिथं अस्वस्थ करतात. व्हिडिओत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाव कुस्करून टाकतात. मासे खरोखर झुंडीनं येतात, आणि पावाची सवय लागलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं आपलं काम सोडतो. दुसरी गोष्ट, फोटोसाठी प्रवाळावर उभं राहणं. प्रवाळ हा दगड दिसतो, पण त्याच्यावर जिवंत प्राण्यांचा पातळ थर असतो, आणि अनेक प्रवाळांची वाढ वर्षाला सेंटीमीटरभरही नसते. पाव टाकू नका असं आपण होडीत चढतानाच सांगायचं. गिऱ्हाइकानं सांगितलं की ऐकतात. आम्ही सांगितलं, तर त्या पोरानं आनंदानं पिशवी बाजूला ठेवली. मासे तरीही आले, थोडे उशिरा आले एवढंच.

*

फोनवर विचारायचे प्रश्न माझे ठरलेले आहेत. एका प्रशिक्षकामागे माणसं किती? नवख्याला एकास एक किंवा फार तर एकास दोन मिळायला हवं. पाण्याखाली प्रत्यक्ष किती मिनिटं? होडीतला वेळ धरून ‘तीन तासांचा अनुभव’ सांगणारे असतात. उतरण्याआधी तब्येतीचा फॉर्म भरून घेता का? जो घेत नाही त्याच्याकडे जायचं नाही, कारण दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण या गोष्टी पाण्याखाली कळून चालत नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांची सही घरूनच आणावी, किनाऱ्यावर ‘काही नाही हो, लिहा नाही म्हणून’ असं सांगणारे भेटतात. प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कुठल्या संस्थेचं? पाडी, एसएसआय अशा संस्थांच्या प्रशिक्षकांना क्रमांक असतो आणि तो पडताळता येतो. पाणी खराब निघालं तर पैसे परत की दुसरा दिवस? आणि होडीवर ऑक्सिजनचा संच आहे का? इथं खऱ्या ऑक्सिजनबद्दल विचारायचं, अपघातात प्रथमोपचाराला लागतो तो.

होडीत लाइफ जॅकेट घालायचंच. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखालच्या भीतीत आपण इतके गुंतलेले असतो की पाण्यावरच्या वीस मिनिटांकडे लक्षच राहत नाही.

पैशाचं बोलू. मालवणात उथळ पाण्यातली एक झलक हजार-दोन हजारांत होते, घाऊक गर्दीत त्याहूनही कमी सांगतात. त्या कमी दरात पंधरा मिनिटं आणि एक व्हिडिओ मिळतो. हेच पैसे थोडे वाढवून, आधी सराव आणि नंतर निवांत अर्धा-पाऊण तास मिळत असेल तर मिनिटाच्या हिशेबानं ते स्वस्त पडतं. फेब्रुवारीत आम्हाला समुद्रापासून चार घरं आत, माडांच्या सावलीतली न्याहारी निवासाची खोली दीड हजारात मिळाली. दिवाळीत त्याच खोलीचे साडेतीन हजार मोजले होते. मुंबईहून रात्रीची कोकणकन्या, सकाळी कुडाळ, तिथून एसटीनं तासाभरात मालवण. स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत बसतं. पैसे वाचवायचेत ते तारखेतून आणि प्रवासातून वाचवावेत, प्रशिक्षकाच्या वेळेतून वाचवू नयेत.

ज्याला पहिल्याच झलकीत हे वेड लागेल, त्यानं दुसरी आणि तिसरी झलक घेण्याऐवजी सरळ कोर्स करावा. ओपन वॉटर नावाचा पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा असतो. त्यात दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं, तलावातले धडे आणि समुद्रातल्या चार डाइव्ह असतात, आणि मग जगात कुठंही अठरा मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरता येतं. वयाची दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांनाही तो करता येतो, मर्यादा थोडी कमी. भारतात पंचवीस ते पस्तीस हजार धरा. एकदम मोठा वाटणारा हा खर्च पुढच्या प्रत्येक सुट्टीत वसूल होतो, कारण मग तुम्ही ‘पर्यटक’ राहत नाही, तुमच्याशी डाइव्हरसारखं बोलतात आणि दरही डाइव्हरचा लावतात.

*

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. उत्तर कन्नडातलं मुर्डेश्वर कोकण रेल्वेवरच आहे, मत्स्यगंधा तिथं थांबते. समोर समुद्रात एकोणीस किलोमीटरवर नेत्राणी बेट. तिथं माणूस राहत नाही, नौदल या बेटाचा नेमबाजीच्या सरावासाठी वापर करत आलं आहे. पाणी मालवणपेक्षा बरंच नितळ, मासे मोठे. होडीला तास-दीड तास लागतो आणि ज्याला बोट लागते त्याची परीक्षा असते. उपाशी पोटी जास्त त्रास होतो, म्हणून निघताना दोन इडल्या खाव्यात, तेलकट नको. खर्च मालवणच्या दोन-तीनपट, पण कोर्सच्या समुद्रातल्या डाइव्हसाठी मला हीच जागा आवडली. गोव्यातल्या ग्रँड आयलंडला मी नवख्याला पाठवत नाही. तिथली बुडालेली जहाजं जाणकाराला मोह घालतात, पण पाणी बहुतेक वेळा गढूळ आणि ‘स्कूबा-बार्बेक्यू-नाचगाणी’ अशा होड्यांचा गलका. कोर्ससाठी मात्र तिथं काही गंभीर लोक आहेत.

अंदमान म्हणजे डोळ्यांचं पारणं. पण विमानाचं भाडं हाच मोठा खर्च, तो दोन-तीन महिने आधी काढला तरच आवाक्यात राहतो. सगळे हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला जातात. मी नीलला, शहीद द्वीपला राहिले. छोटं बेट, भाजीचे मळे, सायकलनं तासाभरात फिरून होतं, आणि सकाळच्या होडीत आम्ही चौघंच. फेब्रुवारी ते एप्रिलचा सुरुवातीचा भाग समुद्र शांत असतो. लक्षद्वीप परवान्यांत आणि जहाजाच्या जागांत अडकतं, आणि २०२४ च्या उष्णतेत तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. तिथं पहिल्या सुट्टीला जाऊ नये असं मला वाटतं. थायलंडचं को ताओ बेट कोर्ससाठी स्वस्त म्हणून नावाजलेलं आहे, पण जगभरचे नवखे तिथंच लोटतात. स्वस्त हवं आणि गर्दी नको, यातलं अर्धंच तिथं मिळतं.

काही गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का हे आधी विचारावं, सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. सर्दी असेल तर उतरू नये, औषध घेऊनही नाही, खाली असताना औषधाचा असर उतरला तर कान अडकतो. बायकांनी कपड्यांचा घोर करू नये. पूर्ण हाताचा टी-शर्ट आणि घट्ट लेगिंग पुरे, वरून वेटसूट येतो. मात्र कपडे बदलायला बंद खोली आहे का, हा प्रश्न न लाजता फोनवरच विचारावा. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नाही, ‘वर चला’. मस्त सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. किती जण आनंदानं अंगठा दाखवतात आणि आपल्याला वर का आणलं म्हणून रुसतात. श्वास कधीही रोखायचा नाही, हा पाण्याखालचा पहिला नियम. वर येताना फुप्फुसातली हवा पसरते, कोंडली तर इजा करते. आणि परतीचा प्रवास. एका डाइव्हनंतर बारा तास, जास्त केल्या असतील तर अठरा तास विमान नको, हे सगळे सांगतात. पुण्या-कोल्हापूरच्या लोकांनी घाटाचाही विचार करावा. उथळ झलक घेतली असेल तर चिंता नाही, पण कोर्समध्ये दिवसभरात दोन-तीन डाइव्ह केल्यावर त्याच संध्याकाळी आंबोली किंवा फोंडा घाट चढू नये. एक रात्र मालवणात काढावी, सोलकढी प्यावी, सकाळी निघावं.

*

मावशीला पुन्हा तयार करायला मला पंधरा महिने लागले. डॉक्टरांची सही घेतली, घरी बसल्या बसल्या नाक दाबून हलकं फुंकायचा सराव तिनं आठवडाभर केला. माघातली शुद्ध नवमी, मंगळवार. आदल्या दुपारी एका शांत प्रशिक्षकानं तिला दीड तास उथळ पाण्यात नुसता श्वास घ्यायला शिकवलं, मास्कमध्ये मुद्दाम पाणी शिरू देऊन ते नाकानं बाहेर काढायला लावलं. सकाळी आठला होडी निघाली. किल्ल्याजवळ आमच्याखेरीज एकच होडी होती.

तिला कुणी खाली ओढलं नाही. नांगराचा दोर तिच्या हातात दिला आणि ती स्वतः एकेक मूठ खाली सरकत गेली. दोन मीटरवर कान ठणकला. प्रशिक्षकानं तळहात दाखवून थांबवलं, मूठभर वर आणलं. पुन्हा खाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही. मी शेजारी तरंगत मनातल्या मनात देव आठवत होते. चौथ्या वेळी तिनं नाक दाबलं, मान जरा तिरकी केली आणि तिचे मास्कमागचे डोळे एकदम मोठे झाले. तिनं बोटांचा गोल केला. या सगळ्याला अकरा मिनिटं लागली होती.

त्यानंतर ती चौतीस मिनिटं खाली होती. पाण्याखाली सारखा एक आवाज येत होता, कढईत मोहरी तडतडावी तसा. ती कोळंबीची एक जात, नांगी आपटून असा आवाज करते. एका कपारीपाशी मावशी थांबली आणि बराच वेळ हलेना. आत एक गोबरा होता, हातभर लांब, तपकिरी अंगावर फिके डाग, कल्ले सावकाश उघडत-मिटत तिच्याकडे बघत असलेला. चाळीस वर्षं ती दादरच्या बाजारात गोबरा पारखून घेत आली आहे. कल्ले वर करून तांबडे आहेत का बघायचं, डोळा दाबायचा.

संध्याकाळी आम्ही दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता. एका टोपलीत बांगड्यांवर मधोमध एक गोबरा ठेवलेला होता. मावशी खाली बसली, सवयीनं कल्ल्याला हात घातला आणि काढून घेतला. सकाळचा तो रंग या माशावर नव्हता, सगळा राखाडी झाला होता. कोळणीनं भाव सांगितला, रास्त होता. मावशीनं बांगडे घेतले.